बाजूच्या सीटवरचं माणूस

"आधी बूड टेकव, बाबा. मग पाय आत घे."

क्षितिजाने सांगितलं खरं, पण दिनानाथ राऊतचे गुडघे ऐकायला तयार नव्हते. सातिवलीच्या त्या गोडाउनमध्ये दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, एक राखाडी आणि एक लाल. दोन्ही इतक्या बुटक्या, की माणसाने त्यांच्यात चढायचं नसून उतरायचं. दिनानाथने दाराला धरलं, देवाचं नाव घेतलं आणि एकदाचा राखाडी गाडीच्या सीटवर आदळला. बाहेर पियुष हसू दाबत उभा होता. हा पियुष म्हणजे गाड्यांच्या मालकाचा माणूस. गाड्या पुसायच्या, फिरवायच्या आणि ओरखडा गेला तर शिव्या खायच्या, एवढं त्याचं काम.

क्षितिजा मुंबईला एका मोटारींच्या मासिकात लिहायची. या दोन गाड्यांचा वेग, त्यांची ताकद यावर जगाने पानंच्या पानं लिहून ठेवली होती. तिला लिहायचं होतं ते वेगळंच. आत बसलेल्या माणसाला कसं वाटतं? पाठीला काय लागतं, पोटात काय होतं, कुठल्या गाडीत डोळे मिटावेसे वाटतात आणि कुठल्या गाडीत जीव मुठीत धरावासा वाटतो? आणि हे सांगायला तिने कुणाला निवडावं, तर आपल्या बापाला.

आता हा बाप काय चालवायचा, ते सांगायला हवं. दिनानाथ पालिकेची शववाहिनी चालवायचा. उभी हयात त्यात गेली. वाघोलीला भावाची केळीची वाडी, त्या वाडीच्या टोकाला दिनानाथचं घर. लोक चांगले होते, पण येताजाता चिमटा काढल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "दिनू, तू आपला पुढे हो रे, तुझ्या गाडीत बसायची आम्हाला घाई नाही." दिनानाथही हसायचा. कामाचं घरी अवाक्षर काढायचा नाही. आल्यावर आधी बाहेरच्या नळावर आंघोळ, मग उंबरा. क्षितिजा शाळेत असताना, बाबा काय करतात असं कुणी विचारलं की "पालिकेत आहेत" एवढंच सांगायची. तिला दोष कशाला द्यायचा? दिनानाथही तेच सांगायचा.

पण मागच्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली होती, "बाबा, तुझ्याइतकं हळू आणि जपून कुणीच चालवत नाही. मी लिहिणार आहे तसं. माझे बाबा शववाहिनी चालवतात, असंच लिहिणार आहे." त्या रात्री दिनानाथला जेवण गेलं नव्हतं. आनंदाने, दुसरं काय.

ठरलं असं होतं. राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत राखाडी गाडी दिनानाथने चालवायची, क्षितिजाने बाजूला बसायचं. परतताना लाल गाडी क्षितिजाने चालवायची आणि दिनानाथने बाजूला बसायचं. पियुष दुसरी गाडी घेऊन पुढे जाणार. मालकाला मासिकात गाड्यांचे फोटो हवे होते, त्यामुळे तो काही बोलला नाही. पियुषने मात्र दोनदा बजावलं, की राखाडी गाडी कडक आहे, रस्त्यावरचा खडासुद्धा पाठीला सांगते. लाल त्या मानाने बरी. एवढं सांगून तो लाल गाडी घेऊन निघाला. तिचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आला, मग धुक्याने तो गिळला.

जानेवारीतली सकाळ होती. खाडीवरून आणि मिठागरांवरून धुकं आत आलं होतं. गोडाउनच्या दारापलीकडचं काही दिसत नव्हतं. राखाडी गाडीची दारं लागली आणि बाहेरचे आवाज बंद झाले. काळ्या काचा, गार हवा. पियुष रोज सकाळी गाड्यांना झेंडूचा हार घालायचा, आत उदबत्ती फिरवायचा. तो वास बंद गाडीत कोंडला होता. सीट मळू नये म्हणून त्याने बाजूच्या सीटवर पांढरी चादर अंथरली होती. क्षितिजाने सीट मागे पाडली, चादरीवर आडवी झाली, हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. तिला काहीही न बघता नुसती गाडी अनुभवायची होती.

दिनानाथने पट्टा लावला, आरसा न बघता गाडी सुरू करायच्या बटणावर बोट ठेवलं आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "निघायचं ना?"

"निघायचं," क्षितिजा म्हणाली.

दिनानाथचा हात बटणावरच राहिला.

हे दोन शब्द तो जिवंत माणसाशी कधीच बोलत नसे. क्षितिजाला स्कूटरवर शाळेत सोडायचा तेव्हाही म्हणायचा, "चला, जाऊन येऊ." बायकोला, भावाला, सगळ्यांना तेच. जाऊन येऊ. 'निघायचं ना' हे फक्त मागच्या माणसासाठी होतं. दिनानाथ ज्याच्या हाताखाली कामाला लागला, त्या कृष्णामामाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. माणूस आपल्या घरातून शेवटचा निघतो. त्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. विचारायचं, जरा थांबायचं, उत्तर येत नाही, मग गियर टाकायचा. आणि मामा पुढे म्हणाला होता, "विचारलेलं माणूस आपलं होतं, दिनू. ते पोचवल्याशिवाय गाडी रिकामी होत नाही."

"काय झालं? चालू कर ना," क्षितिजा डोळे न उघडता म्हणाली.

त्याच वेळी बटणावरून हात काढायला हवा होता. खाली उतरून, पोरीला बाहेर काढून, सरळ घरी जायला हवं होतं. पण काय सांगणार होता तिला? तिच्या लेखाचा दिवस होता. पहिल्यांदा ती बापाला आपल्या कामात घेऊन आली होती. वेडा म्हणतील, असं वाटून दिनानाथने गाडी बाहेर काढली. माणूस अशाच वेळी चुकतो.

पियुष म्हणाला तशीच गाडी कडक होती. सातिवलीचा रस्ता म्हणजे ट्रकांनी चाळण केलेला. प्रत्येक खडा दिनानाथच्या माकडहाडाला कळत होता. एका खड्ड्यात तर चाक असं बसलं, की त्याचे दात एकमेकांवर आपटले. त्याने घाबरून बाजूला पाहिलं. क्षितिजा तशीच पडून होती. तिच्या कानातले लोंबते डूलसुद्धा हलले नव्हते.

"लागला का गं खड्डा?"

"कुठला खड्डा?" ती म्हणाली. "बाबा, काय सुंदर चालली आहे ही! कडक म्हणून हिची बदनामी का करतात कोण जाणे. मला तर काहीच लागत नाहीये."

शववाहिनी चालवणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. गाडी चालवणाऱ्याला प्रत्येक खड्डा लागतो, बाजूला बसलेल्या नातेवाइकाला लागतो, मागे बसलेल्यांना तर फारच लागतो. त्या गाडीत फक्त एकाच माणसाला काही लागत नाही.

त्याने वेग कमी केला. पाय खाली जाईचना. उड्डाणपूल ओलांडून ते पश्चिमेला आले, भुईगावच्या बाजूला वळले. इथे धुकं आणखी दाट होतं. दोन्ही अंगांना वाड्या, घरांवर अजून नाताळचे कंदील लटकलेले. समोरून एक दूधवाला मोटारसायकलवरून आला. गाडी बघताच तो कडेला थांबला, पाय टेकले आणि हात कपाळाला लावून नमस्कार केला. दिनानाथला वाटलं, आपल्याला ओळखलं असेल. मग लक्षात आलं, काचा काळ्या आहेत. आत कोण आहे ते बाहेरून दिसत नाही.

पुढे चर्चच्या फाटकापाशी दोन म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. दोघींनी बोलणं थांबवलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. वाघोलीच्या नाक्यावर चहाच्या टपरीवरची माणसं बाकावरून उठली. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी मोबाइल काढला नाही. हात जोडून उभी राहिली, आणि गाडी पुढे गेल्यावर खाली बसली. शववाहिनी गेली की बसतात तशी.

क्षितिजाने मान उचलून पाहिलं आणि तिला केवढा आनंद झाला. "बघ बाबा, गाडी बघून लोक उभे राहतात. मुंबईत कोण विचारतं?"

दिनानाथला कृष्णामामाची गोष्ट आठवली. तिच्यापासून तो इतका वेळ पळत होता. मामाच्या हातून हीच चूक झाली होती. नालासोपाऱ्याच्या एका चाळीतून एका माणसाला शेवटचं न्यायचं होतं आणि त्याची चिमुरडी जिजा रडते म्हणून तिला पुढे, मामाच्या बाजूला बसवलं होतं. मामाने सवयीने विचारलं आणि पोर "हो" म्हणाली. पुढच्या वळणावर मामाने गाडी थांबवली. त्या पोरीकडून तेच शब्द स्वतःला विचारून घेतले आणि "हो, निघायचं" असं तिला सांगितलं. दिनानाथ तेव्हा मागे बसला होता, त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. रात्री मामा हसत म्हणाला, "विचारणं माझं होतं ना? मग जाणंही माझंच."

जिजाचं आता लग्न झालं आहे, नालासोपाऱ्यातच असते, बाजारात भेटली की हाक मारते. मामा त्याच पावसाळ्यात गेला. धडधाकट माणूस, ओट्यावर दाढी करत बसला होता, हातातला आरसा पडला आणि संपला. दिनानाथनेच त्याला नेलं. त्याला विचारलं आणि जरा जास्तच वेळ थांबला होता.

राजोडीला पोचले तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. सुरूच्या झाडांखाली लाल गाडी उभी होती आणि पियुष टपरीवर चहा पीत होता. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. क्षितिजा खाली उतरली. आळस दिला, केस नीट केले, फोटो काढायला गेली. धुक्यात तिची आकृती पुसट होत गेली आणि एक क्षण दिसेनाशीच झाली. दिनानाथने हाक मारली. इतक्या मोठ्याने मारली, की पियुष दचकला. ती धुक्यातून पुन्हा बाहेर आली. काय झालं, असं तिने विचारल्यावर काही नाही म्हणाला. दूर जाऊ नकोस, असंही म्हणाला. ती हसली. पंचवीस वर्षांच्या मुलीला बाप किनाऱ्यावर हरवू नकोस सांगतो, तर ती हसणारच.

मग ती फोन पुढे धरून आली. राखाडी गाडी कशी वाटली, सांग, मी टिपते. ठीक होती, दिनानाथ म्हणाला. एवढंच? एवढंच. क्षितिजाचा चेहरा उतरला. तिने फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "तुला आवडलं नाही का, मी हे सगळं लिहिते आहे ते? तुझ्या कामाबद्दल? तसं असेल तर नाही लिहीत."

"आवडलं गं," दिनानाथ म्हणाला. "फार आवडलं. जरा तुझ्या आईशी बोलतो."

तो झाडांमागे गेला आणि घरी फोन लावला. वसुंधरा, त्याची बायको, वाडीत होती. हात पुसून तिने फोन घेतला असावा. कामाचं घरी न बोलणाऱ्या दिनानाथने त्या शब्दांचं तेवढं तिला एकदा सांगितलं होतं. कृष्णामामाचंही माहीत होतं, मामाच्या बायकोला तिनेच तेव्हा सावरलं होतं. दिनानाथने झालेलं सगळं सांगितलं. पोरीला खड्डा लागत नाही, हेही सांगितलं. वाडीतल्या पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्ही काय करणार ते कळलं मला," ती अखेर म्हणाली. "मला विचारू नका. मी हो म्हणणार नाही. आणि नाही म्हणायला मला तोंड नाही, पोर माझी आहे."

"मी विचारायला नाही केला फोन."

"मग कशाला केलात?"

घरात गेल्यावर जिरेपूड संपली आहे का बघ, असलं काहीतरी तो बोलला. ती रडत होती आणि रडताना हो, बघते म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एकमेकांना गोड बोलायची सवयच नव्हती, आता कुठून येणार? तरी फोन ठेवताना तो म्हणाला, "तू होतीस म्हणून घरी यावंसं वाटायचं." आणि तिच्या उत्तराची वाट न बघता त्याने फोन बंद केला.

झाडाला टेकून तो जरा उभा राहिला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. रोज मरण बघणाऱ्याला मरणाची भीती वाटत नाही असं लोकांना वाटतं. उलट असतं. त्याला ठाऊक होतं अंग किती गार होतं ते. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. भावाच्या वाडीत दुपारी झोपायचं, असं त्याने ठरवलं होतं. क्षितिजाचं लग्न बघायचं होतं, नाही केलं लग्न तर तिचं नाव छापलेलं बघायचं होतं. खूप काही बघायचं होतं.

पियुष राखाडी गाडी घेऊन पुढे निघून गेला. क्षितिजा लाल गाडीत बसली. दिनानाथ या वेळी आधी बूड टेकवून, मग पाय आत घेऊन बाजूच्या सीटवर नीट बसला. पट्टा लावला. क्षितिजा अजून रुसली होती. तिने गाडी सुरू केली. पाठीमागे इंजिन गुरगुरलं आणि ती निघणार, तेवढ्यात दिनानाथने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"असं निघायचं नसतं. बाजूच्या माणसाला विचारायचं असतं."

"काय विचारायचं?"

"मी सकाळी तुला विचारलं ना, तेच."

क्षितिजाने त्याच्याकडे पाहिलं. बापाला काहीतरी झालं आहे हे तिला दिसत होतं. काय ते कळत नव्हतं. "तुझ्या कामातलं आहे का हे, बाबा?"

"हो. आमच्यात तशी पद्धत आहे."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"आज सांगतोय ना."

तिचा रुसवा पळाला. बापाने आपल्या कामातली एक गोष्ट आपणहून दिली, याचाच तिला आनंद झाला. हे लिहू का, असं तिने विचारलं. लिही म्हणाला. मग तिने दोन्ही हात चाकावर ठेवले, जराशी त्याच्याकडे वळली आणि गंभीर तोंड करून, कुणी देवळात विचारावं तसं विचारलं.

"निघायचं ना?"

समोरच्या काचेवर धुक्याचं पाणी साचून ओघळत होतं. दिनानाथने लेकीकडे बघून घेतलं. तिच्या उजव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण होती. तो घरी नसतानाच ती पडली होती. तो कुणाला तरी पोचवायला गेला होता.

"निघायचं," तो म्हणाला.

गाडी निघाली. राजोडीचा तो रस्ता समुद्राच्या पाण्याने खाल्लेला, पहिल्याच वळणाला मोठा खड्डा होता. तो दोघांनाही दिसला. क्षितिजाने वेग कमी करेपर्यंत चाक त्यात गेलं. ती सीटवरून उडाली, कानातले डूल गालांवर आपटले, पाठीत कळ गेली. "आई गं! कसली दगडासारखी आहे ही! पियुष काहीही सांगतो. बाबा, तुला लागलं का फार?"

दिनानाथ पाठ टेकून बसला होता. मांडीवरचे हात मांडीवरच होते.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही लागलं."

पुढे आणखी खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला क्षितिजा हलत होती, कण्हत होती, गाडी बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती. तिच्या प्रत्येक कण्हण्याबरोबर दिनानाथच्या जिवावरचं ओझं उतरत होतं. तिला लागत होतं. तिला सगळं लागत होतं. त्याला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, की आता तरी सांग, दोन्हींपैकी कुठली बरी. तिच्या मते प्रश्नच नव्हता, राखाडी लोण्यासारखी आणि लाल म्हणजे फळकूट.

"मला ही बरी वाटली," दिनानाथ म्हणाला. "त्या गाडीत जिवाला फार लागलं. हिच्यात काहीच लागत नाही."

"आपलं बरोबर उलटं कसं काय रे?" क्षितिजा हसली. "ठीक आहे, तसंच लिहिते. दोघांचं दोन्हीकडे उलटं. लोकांना आवडेल."

निर्मळच्या तळ्यापाशी धुकं विरळ झालं आणि पुढचा रस्ता मोकळा, सरळ दिसला. क्षितिजाचा पाय शिवशिवत होता. पण बापाचा स्वभाव तिला माहीत होता. ती स्कूटर शिकली तेव्हापासून तो तिला हळू, हळू म्हणत आला होता. म्हणून तिने त्याच्याकडे न बघता, नकारच येणार असं धरून विचारलं,

"थोडा वेग वाढवू का, बाबा?"

"वाढव की," दिनानाथ म्हणाला. "आता तुला काही होत नाही."